घरातलं नाव

चष्मा कपाळावर चढला की समजावं, आता ते विचारणार.

पावती लिहून झालेली असायची. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन नंबर, सगळं जागच्या जागी. देणगीदार उठायच्या बेतात. तेवढ्यात हे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि म्हणायचे, "आणि घरच्यांचं नाव?"

नाव सांगितलं जायचं. ते संगणकावर एका बोटाने टाइप करायचे, थांबायचे आणि मग दुसरा प्रश्न.

"हे सासरचं झालं. माहेरचं काय?"

"माहेरचं आडनाव?"

"आडनाव नाय हो. नाव. जन्माचं."

इथे माणसं कशी वागतात हे पाहण्यासारखं असे. तुम्हीही एखाद्या जुन्या नवऱ्याला विचारून पाहा. कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारा मनुष्य एकदम छताकडे बघायला लागतो. काही जण तिथूनच घरी फोन लावायचे. "अगं, तुझं आधीचं नाव काय गं?" पलीकडचं उत्तर आम्हाला ऐकू येत नसे, पण नवरे फोन जरा कानापासून लांब धरायचे, त्यावरून अंदाज यायचा.

बोईसरला स्टेशनपासून थोडं आत, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. संस्था डोळ्यांचं काम करते. आमची गाडी वर विक्रमगड-जव्हारच्या पाड्यांवर जाते, म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासते, मोतीबिंदू असेल त्याला खाली आणते आणि शस्त्रक्रिया झाली की पुन्हा घरी पोचवते. काम चांगलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून तुमचा गैरसमज व्हायचा. चांगल्या कामाभोवतीसुद्धा शाली, हार आणि भाषणं जमतात, धक्क्याच्या दगडाला कालवं धरतात तशी. त्यात दगडाचा दोष नसतो.

मी पालघरच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर संस्थेने मला वार्षिक अहवाल लिहायला बोलावलं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला अहवाल लिहायला आवडतं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मी आठवड्यातून दोनतीनदा एसटीने बोईसरला जायचो आणि या चष्मेवाल्या गृहस्थांच्या टेबलासमोरच्या टेबलावर बसायचो. ते मला 'सर' म्हणत. ऑफिसात सगळे त्यांना 'काका' म्हणत; मीही म्हणायचो, वयाने मी थोडा मोठा असूनसुद्धा.

काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीत टाइम ऑफिसला होते. कोण आला, कोण नाही आला, कोण उशिरा आला, ही नोंद त्यांनी उभ्या नोकरीत ठेवली. घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणारी. बोटीवर न जाता पगार आणणारा त्या घरातला हा पहिला माणूस. निवृत्तीनंतर सरावलीच्या दोन खोल्यांत एकटे राहत. मुलगी लग्न होऊन सुरतेकडे. पायात कंपनीचेच जुने बूट, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात ऑफिसातली मराठी व घरची मराठी यांची खिचडी. सावध असले की 'नाही' म्हणत. मनातलं बोलायला लागले की 'नाय'.

देणगीदारांच्या नोंदींसाठी संस्थेने सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा ते चालवायला काकांना बोलावलं. म्हणजे घेतलं असं नाही, अध्यक्षांच्या जावयाने ते बनवून दिलं. त्यात प्रत्येक देणगीदाराच्या पानावर 'जोडीदार' म्हणून जागा होती. नवऱ्याचं पान आणि बायकोचं पान एकमेकांना बांधायचं, म्हणजे एका घरात दोन आभारपत्रं जात नाहीत आणि दोघांपैकी कोणीही देणगी दिली तरी दोघांच्या नावावर दिसते. काका त्याला 'जोडी लावणं' म्हणायचे. "आज किती झालं काम?" विचारलं, तर म्हणायचे, "पाच जोड्या लावल्या." नवीन माणसाला वाटावं, हे वधूवर सूचक मंडळ आहे.

सुरुवातीला दुसऱ्या प्रश्नाला एक साधं कारण होतं. चिंचणीकडच्या एक शिक्षिका लग्नाआधीपासून देणगी द्यायच्या. लग्न झाल्यावर त्यांचं नाव-आडनाव दोन्ही बदललं आणि सॉफ्टवेअरच्या हिशेबी त्या दोन बायका झाल्या. दोघींना वेगवेगळी आभारपत्रं गेली, तीही एकाच शाळेच्या पत्त्यावर. बाईंचा फोन आला, "काका, ती पहिली मेली असं लावून टाका." काकांना ते काही पटलं नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जिवंत बाईला मेली कशी लावायची, सर?" तेव्हापासून ते जन्माचं नाव विचारायला लागले. पण त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी जागा नव्हती. 'घरातलं नाव' असा एक रकाना मात्र होता. बंड्या, पप्पू वगैरेंसाठी असावा. तो बहुतेक रिकामाच असे. काकांनी तो माहेरच्या नावांना दिला.

सगळेच सरळ उत्तर देत नसत. भंगाराचा एक व्यापारी भडकला होता. "मेरी औरत के नाम से आपको क्या काम?" काकांनी शांतपणे सांगितलं, "काम काही नहीं सेठ. लेकिन आपको याद है क्या?" सेठ खुर्ची ओढून बसला. त्याला नाव आठवत होतं. बायको गेली होती, एवढंच.

आणि एक मासळीवाली. बोईसरच्या बाजारात बसते. तिच्या सासूचे डोळे आमच्याकडे झाले होते, म्हणून टोपली खाली दारात ठेवून वर आली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मालकांचं नाव?"

"कशाला? त्याला काय बगायचंय पावतीत?"

"जोडी लावायची असते, बाय."

"आता?" ती म्हणाली. "पोरांची लग्नं झाली माज्या. आता कसली जोडी लावता?"

सगळं ऑफिस हसलं. ती नाही हसली. "बोट त्याच्या नावावर हाय, घर सासऱ्याच्या नावावर हाय. एक पावती तरी माज्या एकटीच्या नावावर असूं द्या."

काकांनी तिच्या पानावर शेरा मारून ठेवला: 'या ताईंची जोडी लावू नये.' पुढे कधीतरी अध्यक्षांच्या नजरेला तो शेरा पडला, तेव्हा त्यांना काही वेगळीच शंका आली होती.

आता तुम्हाला वाटेल तसंच मलाही वाटलं होतं, की हा टाइम ऑफिसचा नाद आहे. रकाना दिसला की भरायचा. पण एकदा मी अहवालासाठी जुन्या देणगीदारांची पानं चाळत होतो, त्यात काकांचं स्वतःचं पान आलं. ते दर वर्षी बायकोच्या तिथीला संस्थेला काहीतरी देत. जोडीदार: कै. सौ. सुहासिनी. बायकोच्या पानावर घरातलं नाव: रिकामं.

"काका, सगळ्या तालुक्याचा रकाना भरलात," मी म्हटलं, "आणि घरचाच राहिला?"

दुपारची वेळ होती. चहा आला होता. वारं फिरलं की वसाहतीतला तो आंबूस वास बोईसरवर येतो, तो यायला लागला होता. काकांनी उठून खिडकी लावली आणि परत येऊन बसले.

"हिरू," ते म्हणाले नाहीत. त्यांनी कागदावर लिहून माझ्याकडे सरकवलं.

"छान नाव आहे."

"आमच्यात नाव बदलायची तशी रीत नाय. नवापूरची पोर, कुठेपण दिली तरी हिरूची हिरूच ऱ्हाते." वाक्यात नाव आलं, पण ते दुसऱ्या कुठल्यातरी हिरूबद्दल बोलत असल्यासारखं. "पण मी कंपनीत लागलेलो ना. वाटलं, आता आपलं जरा साहेबासारखं पायजे. आमचे पर्सनलचे साहेब होते, त्यांच्या मिसेसचं नाव सुहासिनी. गॅदरिंगला माइकवर पुकारायचे. मला लय आवडलं ते."

"म्हणून?"

"लग्नात ताटात तांदूळ पसरतात, अंगठीने नाव लिवायचं असतं. मी लिवलं. सगळ्यांनी वाकून वाकून वाचलं, वा वा म्हटलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, काय लिवलंय?"

"तुम्ही आधी विचारलं नव्हतं?"

"कोणाला?"

माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग चष्मा कपाळावरून खाली आला.

पुढचं त्यांनी चहा गार होऊ देऊन सांगितलं. बायकोला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात ठेवलं. नर्स येऊन हाका मारायची, सुहासिनीबाई, सुहासिनीबाई, डोळे उघडा. काही नाही. डॉक्टरांनी लिहिलं, प्रतिसाद नाही. काका उशाशी बसून हाका मारत, सुहास, ए सुहास. काही नाही. मग तिचा भाऊ आला किनाऱ्यावरच्या नवापूरहून, बोटीवरून उतरून तसाच. हातपायसुद्धा धुतले नव्हते. तो दारातूनच म्हणाला, "हिरू गो."

"आणि?"

"डोळे उघडले. मान वळवून बघितलं तिनं. त्याच्याकडे."

"मग तुम्ही..."

"मी तोंड उघडलं. तिथंच होतो, हातभरावर. पण ती हाक माझी नव्हतीच ना, सर. तिच्या आईची, भावाची. मी मारली असती तर तिला वाटलं असतं, कोण परका आलाय."

"मारून बघायची होती, काका."

"होती," ते म्हणाले.

ती त्यानंतर फार जगली नाही. काकांनी कागद माझ्यासमोरून परत घेतला, घडी करून खिशात ठेवला. "म्हणून विचारतो मी लोकांना. एखाद्याच्या तोंडात ते नाव आताच आलेलं बरं. मग येत नाय."

"आणि हा रकाना?"

"भरीन. एकदा हाक मारीन तिला, मग भरीन. नुसतं टाइप करून काय उपयोग?"

गेलेल्या बाईला हाक कुठे उभं राहून मारणार, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, ते त्यांनाही ठरवायचं होतं.

आता आमच्या वार्षिक सोहळ्याबद्दल सांगायला हवं. अशा सोहळ्याला तुम्ही गेला असालच. आधी समई पेटत नाही. मग पंखे बंद करतात. मग समई पेटते आणि पाहुणे घामाघूम होतात. मग अध्यक्ष 'मी केवळ निमित्त आहे' असं म्हणून उठतात आणि ते निमित्त बराच वेळ बोलतं. आमचे अध्यक्ष वसाहतीतले कारखानदार, मनाने वाईट नाहीत. पण दुसऱ्याचा मोतीबिंदू काढला की आपल्याला टाळी हवी, एवढं त्यांचं साधं गणित. सोहळ्यातला मुख्य भाग म्हणजे देणगीदारांचा 'सपत्नीक सत्कार'. नवऱ्याला शाल, बायकोची ओटी. जोड्या लावून ठेवण्यात अध्यक्षांना रस होता तो या ओटीपुरता. ज्या बाईंचे यजमान गेले त्यांना गुलाबाचं फूल आणि खाली पहिल्या रांगेत खुर्ची.

त्या वर्षी अध्यक्षांना वाटलं, निमंत्रण छापील वाटता कामा नये. "घरच्यासारखं वाटलं पाहिजे," त्यांनी जावयाला सांगितलं. "नुसतं श्री. व सौ. नको. जिव्हाळा पाहिजे." जावयाने सॉफ्टवेअर उघडलं, जिव्हाळा शोधला आणि त्याला 'घरातलं नाव' हा रकाना सापडला. ज्यांचं घरातलं नाव असेल त्यांना त्या नावाने निमंत्रण, नसेल त्यांना नेहमीच्या. नवऱ्यांचे रकाने रिकामे होते. बायकांचे काकांनी भरलेले होते. निमंत्रणं मुंबईहून परस्पर छापून परस्पर टपालात गेली.

पहिला फोन पालघरहून आला. "अहो, माझ्याबरोबर ही वत्सला कोण बोलावलीय तुम्ही? आई विचारतेय." मागून बाईंचा आवाज येत होता, "मीच ती वत्सला." आणि त्याच्याही मागून म्हातारीचा, "अगं बाई, तुझं नाव वत्सला होतं?"

मग दिवसभर फोन. कोणाकडे भांडणं, कोणाकडे हसू. एका इंजिनिअरच्या मुलीने आईला विचारलं म्हणे, "बाबांचं आधी एक लग्न झालं होतं का?" चिटणीस टेबलाखाली शिरायच्या बेतात होते. काका एकेक फोन घेत आणि सांगत, "होय साहेब, चूक झाली. पण नाव बरोबर हाय ना?"

आणि मग अध्यक्षांच्या घरी त्यांच्याच संस्थेचं निमंत्रण पोचलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. श्री. अमुक अमुक, संस्थापक अध्यक्ष, व सौ. भिकी.

बाईंचं लग्नानंतरचं नाव शर्मिष्ठा. त्यांच्या कारखान्याच्या इमारतीवर सुद्धा ते आहे.

सोहळा पालघरच्या सभागृहात झाला. अध्यक्षांनी बजावल्याप्रमाणे चिटणिसांनी सगळी नावं सासरची वाचली. पण एक गोष्ट कोणाच्या हातात नव्हती. एरवी सपत्नीक सत्काराला निम्म्या पत्नी येत नसत, कोणाला घर असे, कोणाला गुडघे. त्या वर्षी सभागृह बायकांनी भरलं. पर्समधून ती निमंत्रणं बाहेर निघत होती, एकमेकींना दाखवली जात होती. दर वर्षी शेजारी बसणाऱ्या दोन बायकांना त्या दिवशी कळलं की आपण तारापूरच्या शाळेत एका बाकावर होतो. "तू यमू? पाटणकर बाईंच्या वर्गातली यमू? आणि मी तुला इतकी वर्षं माधवीताई म्हणत्येय!" अध्यक्ष बोलत असताना त्या दोघींनी इतकं हसून घेतलं की पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनी मागे वळून पाहिलं.

सत्कार संपल्यावर अध्यक्षांच्या बाई काकांच्या टेबलापाशी आल्या. मी तिथेच उभा होतो. हातात ओटीचा नारळ, खांद्यावर जड पदर.

"ते नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, ताई. फोनवर. साहेब नव्हते घरी."

"हो का?" त्या म्हणाल्या. "माझ्या आईची आधीची तीन मुलं गेली. मग मी. देवाकडे भीक मागून घेतलेली, म्हणून भिकी." नारळ त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. "आई गेल्यापासून कोणी लिहिलं नव्हतं. राहू दे तसंच."

"राहणार, ताई."

पण तो रकाना राहणार नव्हता. चार दिवसांनी बैठक झाली. मी अहवाल घेऊन बसलो होतो, म्हणून मला ऐकायला मिळालं. अध्यक्ष आवाज न चढवता बोलत होते. कारखानदारांचा हा राग अधिक वाईट.

"वसाहतीत लोक मला काय म्हणतात, माहीत आहे? दानशूर भिकीचे यजमान. ही चेष्टा आहे."

"चेष्टा नाय साहेब. ताईंनी स्वतः सांगितलं."

"ती काहीही सांगेल. तो रकाना रिकामा करा. सगळा. आजच."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता हे अध्यक्षांना त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारतात. पण ते म्हणाले, "साहेब, आमी टाइम ऑफिसला असताना हजर माणसाला गैरहजर कधी लावलं नाय. हे मी भरलंय. पुसायचं तर दुसऱ्या कोणाला सांगा."

"मग तुमची इच्छा," अध्यक्ष म्हणाले.

दुसरं कोणी शोधावं लागलं नाही. जावयाने घरी बसून एक कळ दाबली आणि रकानाच काढून टाकला. जी नावं एका बोटाने, एकेका घरी फोन करून गोळा झाली होती, ती चहा संपायच्या आत गेली. मी ग्रंथालयात जन्म काढला. वाळवीने खाल्लेली पुस्तकं पाहिली आहेत. वाळवीसुद्धा जरा वेळ घेते.

त्या संध्याकाळी काकांनी खिशातल्या दोन्ही पेनांची टोपणं तपासली, टेबलाचा खण रिकामा केला. मी म्हटलं, "काका, तुमच्या घरचा रकाना..."

"हो ना," ते म्हणाले. "मीच उशीर केला. रकाना गेला, सर."

निरोपाचा छोटा कार्यक्रम मात्र झाला. शाल दिली. ती खांद्यावर घेऊन ते जरा वेळ बाजूला बघत राहिले. त्या बाजूला ओटी घ्यायला कोणी नव्हतं.

मग ते दिसेनासे झाले. सरावलीला गेलो तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "काका तो अब नवापूर में ही रहते हैं, साले के पास." मेव्हण्याचं घर शोधायला त्रास पडला नाही. किनाऱ्यालगतच होतं, वाळत घातलेल्या बोंबलांच्या बांबूंच्या पलीकडे. काका नव्हते. मेव्हणा दारात जाळं घेऊन बसला होता. तोच, दारातून 'हिरू गो' म्हणणारा. आता वय झाल्यामुळे मुलगे बोटीवर जात आणि हा जाळी विणत बसे.

"भावोजी बंदरावर हाय," तो म्हणाला. "रोज जातो. बोट यायच्या आधी जातो."

"त्यांना समुद्राची आवड असेल लहानपणापासून."

"त्याला?" मेव्हणा हसला. "त्याला बोट लागते. बोटीत बसला का ओकतो. पन आता बोटीचं नाव बदललंय ना."

त्याने सांगितलं ते असं. नव्या मोसमाआधी बोट रंगवायला काढली होती. जुनं नाव खरवडून झालं होतं, रंगारी ब्रश घेऊन उभा. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, तुमी शिकलेले. तुमीच सांगा, काय लिवायचं." रंगाऱ्याने दोनदा विचारलं. मग काकांनी खडू मागून घेतला आणि बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, स्वतःच्या हाताने लिहिलं. रंगाऱ्याने त्यावरून रंग भरला.

"मी म्हटलं, आरं हे तर आपल्या हिरूचं," मेव्हणा म्हणाला. "तर मला म्हनतो, तांदळावर चुकलं होतं."

मी बंदराकडे गेलो. संध्याकाळ होत होती. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, बर्फाचा टेम्पो लागला होता, कुत्री आशेने बसली होती. काका त्या सगळ्यांपासून जरा लांब, त्याच जुन्या बुटांत, वाळूवर उभे. मी हाक मारणार, तेवढ्यात बायकांमध्ये गलका झाला.

"हिरू आली! हिरू आली गो!"

एकीने म्हटलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. कोणाची सून, कोणाची लेक, ज्यांनी त्या बाईला कधी पाहिलंही नसेल, त्या तिला हाका मारत होत्या. बोट भरतीच्या पाण्यावर हलत हलत येत होती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचे ओठ हलले. वारं माझ्याकडून समुद्राकडे होतं. आवाज आला की नाही, मी सांगू शकत नाही. मी तेव्हा पुढे गेलो नाही. थोडा वेळ थांबलो आणि शेअर रिक्षाने बोईसरला परत आलो.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच, नवापूरला.

संस्थेने ठराव केला, दोन मिनिटं उभी राहिली. दिवाळीनंतर मेव्हणा ऑफिसात आला आणि भावोजींच्या नावाने काहीतरी करायचं म्हणाला. वरच्या पाड्यांवरून येणाऱ्या म्हाताऱ्यांना बसायच्या जागी पिण्याच्या पाण्याची सोय नव्हती, तिथे स्टीलचा कूलर बसवायचं ठरलं. संस्थेने तत्परतेने त्यावर पाटी लावली. नोंदीत होतं तसंच नाव घातलं. नोंदीत दुसरं काही नव्हतंच.

कूलर बघायला मेव्हणा आला, तेव्हा मी होतो. तो पाटीसमोर उभा राहिला आणि बोट फिरवत सावकाश वाचू लागला. भावोजींच्या नावापर्यंत बरोबर आला. पुढे 'व धर्मपत्नी कै. सौ. सुहासिनी यांच्या स्मरणार्थ' होतं. तिथे बोट थांबलं.

"आनि ही कोण?" त्याने मला विचारलं.

मी उत्तर देणार, तोच त्याला आठवलं. "आरं हां," तो म्हणाला. "तीच."

"मी सांगून बदलून घेतो," मी म्हटलं. "पाटीच आहे ती. दुसरी करता येईल."

"राहूं द्या, सर. इकडे तिला याच नावानं वळखतात." त्याने साखळीला बांधलेला पेला धुतला, कूलरचं पाणी पिऊन बघितलं. थंड आहे म्हणाला. मग जिन्यावरच्या खिडकीतून पश्चिमेकडे उन्हाचा अंदाज घेतला आणि चपला पायात सरकवल्या.

"निगतो," तो म्हणाला. "हिरू यायची वेळ झाली."